वाघाच्या गावाहून मुशीच्या पाण्यात

माझी मुलगी प्रज्ञा समुद्रात कायाक चालवते आणि लोकांना चालवायला शिकवते, हे पांढरकवड्यात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कायाक म्हणजे काय? मी सांगते, एक-दोन माणसं बसतील एवढी प्लास्टिकची अरुंद होडी. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं हातात धरायचं आणि मारत जायचं. दुसरा प्रश्नही ठरलेलाच. मंग तिथं शार्क नाई राहात का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मी दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाऊन आले, असं शाळेत सगळ्यांना सांगितलं आहे. खरं म्हणजे मी पोरीला परत आणायला गेले होते.

प्रज्ञा यवतमाळला प्राणिशास्त्र शिकली. मैत्रिणींबरोबर कोकणात सहलीला गेली, तिथं कायाकमध्ये बसली, आणि परत येऊन म्हणाली की मला हेच करायचं आहे. आम्हाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. ते काही उतरलं नाही. तिनं ट्रेनिंग घेतलं, प्रमाणपत्र आणलं, मालवणच्या खाली एका गावात दोन हंगाम काम केलं. आता तिथल्या मालकानं तिला कायमची ठेवून घ्यायचं म्हटलं होतं, शिकवणाऱ्यांची प्रमुख म्हणून. दिवाळीनंतरच्या रविवारपर्यंत तिनं हो किंवा नाही सांगायचं होतं.

तिच्या बाबांना सुरुवातीला कौतुकच होतं. मग गावातल्या कुणीतरी त्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्यातरी परदेशी समुद्रात एक माणूस निवांत वल्हं मारत चाललेला असतो आणि खालून एक शार्क येऊन त्याच्या होडीचं नाक धरते. माणूस वाचतो. पण वाचतो तो व्हिडिओच्या शेवटी, आणि प्रज्ञाचे बाबा शेवटापर्यंत कधी गेलेच नाहीत. होडीचं नाक धरलं की ते मोबाईल खाली ठेवायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलायचे.

“मास्तरीणबाई, तुमीच जा,” ते म्हणाले. “मी गेलो तं भांडन होईन. तुमी गोडीगुलाबीनं घेऊन या तिले.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत न येणाऱ्या पोरांना घरून उचलून आणण्यात माझी उभी नोकरी गेली आहे, त्यामुळे हे काम मला अवघड वाटलं नाही. प्रज्ञाच्या बाबांना जाता येणार नव्हतंच, कापसाची वेचणी ऐन भरात होती. सोबतीला माझी धाकटी नणंद लीला आली. तिचं आर्णीला बांगड्यांचं दुकान आहे, आणि आवाज असा की दुकानात बसून ती बसस्टँडवरच्या गिऱ्हाईकाला बोलावते. माझ्या पिशवीत बी.एड.च्या प्रवेशाची माहिती छापून घेतलेली होती. पोरीला आणायचं आणि आणल्या आणल्या तिथं बसवायचं, हे मी तिला न विचारता ठरवून टाकलं होतं.

खाडीकाठी

प्रवासाचं काही सांगत नाही. तीन गाड्या बदलल्या, फोंडा घाट उतरलो. लीला सगळीकडे झोपली, मी कुठेच नाही.

उतरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती माती. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चपलेला धरून घरापर्यंत येते. इथली तांबडी माती पायाला लागते आणि झटकली की जाते. घरं एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येकाच्या भोवती माड आणि कुंपण. आमच्या गावात एका घरात फोडणी पडली की चार घरं शिंकतात. इथं शेजाऱ्याकडे काय शिजतंय हे कळायला चालत जावं लागेल. लीलाला हे अजिबात आवडलं नाही. “मानसं कुठी आहेत वो?” ती सारखी विचारत होती.

प्रज्ञा आम्हाला घ्यायला आली तेव्हा मी तिला लांबून ओळखलं नाही. पोरगी काळी ठिक्कर पडली होती, खांदे रुंद झाले होते, आणि चालणं बदललं होतं. घरी ती पाय ओढत चालायची, मी रोज ओरडायचे.

“काय वो, किती काळी झाली बाई तू,” लीलानं तिथंच सुरू केलं. “आता तुह्यासाठी पोरगा कुठून पाहाचा?”

“आत्या, आधी जेव. मंग पाह्य पोरगा,” प्रज्ञा म्हणाली आणि आमच्या पिशव्या उचलून चालू लागली.

आमची सोय बाबलकाकांच्या घरी होती. बाबलकाका साठीचे, जन्म मासेमारीत गेलेला, आता गुडघे दुखतात म्हणून जाळी मुलांकडे सोपवून प्रज्ञाबरोबर पर्यटकांना पाण्यावर नेतात. बोलतात कमी. त्यांच्या बायकोनं तांदळाच्या भाकरी आणि माशाचं सुकं वाढलं. तांदळाची भाकरी आम्हाला नवीन. ज्वारीच्या भाकरीला दातांना थोडं काम असतं, ही तोंडात ठेवली की विरघळते, आणि किती खाल्ल्या याचा अंदाजच राहत नाही. सुकं मात्र फर्मास होतं. काटा नाही, हाड नाही, मऊ मांस, वर खोबऱ्याचं वाटण. लीलानं दोनदा मागून घेतलं आणि तिसऱ्यांदा घेताना विचारलं, “हे कोनतं मच्छी म्हनाचं?”

“मोरी,” काकी म्हणाल्या.

“म्हंजे मुशी, आत्या,” प्रज्ञा म्हणाली. “शार्क. लहान जातीची.”

लीलाचा हात ताटावर तसाच राहिला. मीही घास गिळायचा की काय करायचा या विचारात होते. जिच्या भीतीनं आम्ही आठशे-हजार किलोमीटर आलो होतो, तिचंच सुकं आम्ही मागून मागून खात होतो. मग लीलानं ते तिसऱ्यांदा घेतलेलंही खाल्लं. वाढलेलं टाकायचं नाही, हे तिच्या आईनं आणि माझ्या सासूनं एकाच आवाजात शिकवलेलं आहे.

जेवण झाल्यावर मी तो प्रश्न विचारून टाकला. मला वाटलं होतं, ती म्हणेल, नाही गं आई, इथं कुठली शार्क. मग मला तिला खोटं पाडता आलं असतं.

“आहे ना,” ती म्हणाली. “समुद्र आहे तं मुशी राहीनच. इथं बहुतेक लहान राह्यते, मानसाच्या वाटी नाई जात. पन एखादी मोठी येनारच नाई, असं मी तुले लिहून नाई देत.”

“मंग तू कायले जातं तिथं?”

“मले येते म्हनून,” ती म्हणाली. “आनि लोकायले नीट नेऊन नीट आनता येते म्हनून. उद्या तू बस. पाहून घे. मंग काय बोलाचं ते बोल.”

खाडीत

दुसऱ्या दिवशी खाडीत शिकवणी. पाणी हिरवं, शांत, दोन्ही काठांना खारफुटीची झाडं पाय वर उचलून उभी. मी आणि लीला एका होडीत, पुढे लीला, मागे मी. प्रज्ञानं काठावर उभं राहून दहा मिनिटं नियम सांगितले. तिचा शिकवायचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो माझाच होता. शब्द तोडून, प्रत्येकाकडे एकदा बघून.

दुर्दैवानं त्याच दहा मिनिटांत लीलाच्या पाटल्यांचा प्रश्न निघाला. चमकणारं अंगावर काही नको, असा एक नियम होता. लीलाचं म्हणणं, लग्नापासून हातातून काढल्या नाहीत, आता माशाच्या भीतीनं काढू का? मी तिला समजावत होते, ती मला ऐकवत होती, साबण मागवला, पाटल्या निघाल्या. तोपर्यंत नियम संपले होते. वर्गात मी बोलताना कुणी कुजबुजलं तर मी त्याला उभं करते. इथं मला कुणी उभं केलं नाही.

खाडीत आम्ही अर्धा तास गोल गोल फिरलो. लीला डावीकडे मारायची तेव्हा मी उजवीकडे. एकदा खारफुटीत घुसलो, एकदा सरळ काठावर चढलो. प्रज्ञा मागून शांतपणे सांगत राहायची, “आई, आत्याच्या खांद्याकडं पाह्य. ते जिकडं मारते तिकडंच मार.” नणंदेच्या मागे मागे वल्हं मारायचं, हे मला पचायला थोडा वेळ लागला. दुपारपर्यंत जमलं. तळहाताला फोड आले, पण होडी सरळ जायला लागली तेव्हा मला खूप बरं वाटलं, आणि असं बरं वाटणं माझ्या कामाचं नाही हेही लक्षात आलं.

समुद्रात

तिसऱ्या दिवशी सकाळी खाडी जिथं समुद्राला मिळते तिथून बाहेर पडलो. सगळ्यांत पुढे बाबलकाका एकटे, मग पुण्याचं एक तरुण जोडपं, मग आम्ही दोघी, आणि सगळ्यांच्या मागे प्रज्ञा. खडकाच्या एका टोकाला वळसा घालून पलीकडच्या वाळूवर जायचं, तासभर थांबायचं, परत यायचं, एवढाच बेत होता.

जाताना सगळं छान झालं. लाटा होत्या, पण फुटणाऱ्या नव्हत्या. होडी वर जाते, खाली येते, मग सवय होते. लांबवर दोन डॉल्फिन दिसले. बाबलकाकांनी वल्ह्यानं दाखवलं. डॉल्फिन चाकासारखा वर येतो आणि खाली जातो, असं त्यांनी हातानं करून दाखवलं. “मोरीचो पंख सरळ जाता,” ते म्हणाले. “वर-खाली नाय.” मी ते नीट ऐकलं. आदल्या दिवसाची चूक मला पुन्हा करायची नव्हती.

परतताना वारा फिरला. खडकाच्या टोकापाशी दोन मच्छीमार होड्या उभ्या होत्या, जाळी साफ करणं चाललं होतं, नको ते मासे पाण्यात पडत होते, वर पक्ष्यांचा गोंधळ. बाबलकाकांनी तिथून लांबचा वळसा घेतला. पुण्याचं जोडपं त्यांच्यामागे गेलं. आम्ही दोघी दमलो होतो, वल्ही पुन्हा एकमेकींविरुद्ध पडायला लागली होती, आणि वारा आम्हाला त्या होड्यांकडे सारत होता. प्रज्ञा मागून सांगत होती, “उजवीकडं, आई, उजवीकडं.” मी उजवीकडेच मारत होते. लीला डावीकडे.

तो पंख लीलानं आधी पाहिला. आमच्या डाव्या हाताला, खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल एवढ्या अंतरावर. काळपट, तिरका, आणि सरळ चाललेला. वर-खाली नाही.

“वयनी,” ती म्हणाली, “वाघ.”

समुद्रात तिच्या तोंडून वाघच निघाला, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही. पुढे जे झालं ते समजण्यासाठी आमच्याकडची रीत सांगायला हवी. टिपेश्वरच्या जंगलातून दोन वर्षांपूर्वी एक वाघीण आमच्या शिवारात उतरली आणि नाल्याच्या काठानं राहिली. तेव्हापासून वावरात जाताना आम्ही गप्प जात नाही. कुणी रिकामा डबा वाजवतं, कुणी काठी आपटतं, सगळे हो हो करत जातात. वाघाला कळलं पाहिजे की माणूस येतोय, म्हणजे तो बाजूला होतो. लहान पोरांनासुद्धा हे पाठ आहे. शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, हलली की विचार न करता हात डब्याकडे जातो. लीलाही वेचणीच्या दिवसांत माहेरी येते, तिलाही ते अंगवळणी पडलेलं.

तर आम्ही दोघींनी तेच केलं. वल्ही उचलली आणि पाणी बडवायला सुरुवात केली, जिवाच्या आकांतानं, आणि सोबत हो हो हो. लीलाचा आवाज मच्छीमारांच्या होडीपर्यंत गेला असणार, कारण ती माणसं उभी राहून बघू लागली. परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच आमची वल्ही एकाच वेळी एकाच बाजूला पडत होती.

पंख थांबला. मग आमच्याकडे वळला.

“आई,” मागून प्रज्ञाचा आवाज आला. मोठा नव्हता. “वल्हं वर घे. मांडीवर ठेव. आत्या, तू बी. बडवू नको.”

मी वल्हं मांडीवर घेतलं. लीलानं मात्र प्रज्ञा कुठे आहे ते बघायला अख्ख्या अंगानं मागे वळून पाहिलं, आणि होडी कलंडली.

मला पोहता येत नाही. खारं पाणी नाकात, डोळ्यांत, कानात. अंगातल्या लाइफ जॅकेटनं मला वर आणलं तेव्हा समोर उलटी झालेली होडी होती आणि तिला लीला धरून होती. मी पाय झाडत होते. खाली काही आहे का, काही लागतंय का, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं. तेवढ्यात प्रज्ञाची होडी आमच्या आणि त्या पंखाच्या मध्ये येऊन आडवी उभी राहिली.

“माह्याकडं पाह्य आई. पाय नको हलवू. अजिबात नको.”

मी पाय थांबवले. पाण्यात पाय न हलवता राहणं किती कठीण असतं ते करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. मला ती मुशी तेव्हा दिसली. प्रज्ञाच्या होडीपलीकडून गेली, करड्या रंगाची, एका माणसाच्या लांबीची, जरा जास्तच. घाई नव्हती तिला. प्रज्ञा तिच्याकडे बघत होती आणि एक हात मागे करून आम्हाला थांबायची खूण करत होती. मग मुशी खाली गेली. खाली गेली हे वर असण्यापेक्षा वाईट होतं.

प्रज्ञानं आमची होडी सुलटी केली. आधी लीलाला चढवलं. “पोट टाक होडीवर आत्या. पाय मांगं तरंगू दे. आता बस.” मग मला. तिचा आवाज काठावर नियम सांगताना होता तसाच होता. माझ्या जॅकेटचा पट्टा धरून तिनं मला ओढलं तेव्हा मी तिच्या हाताची पकड पाहिली. मी वर आल्यावरही तिनं लगेच वल्हं हातात घेतलं नाही. आधी चारी बाजूंना पाहिलं, मग पुढे बाबलकाकांकडे पाहून हात वर केला. त्यांनी पुण्याच्या जोडप्याची होडी आपल्या होडीला धरून ठेवली होती.

“चला,” ती म्हणाली. “घाई नाई कराची. आत्या, डावा. आई, डावा.”

आम्ही पुढे निघालो, ती पुन्हा मागे.

वाळूवर

काठावर लीला रडली, मी रडले नाही. मला राग आला होता. बाबलकाकांनी चहा आणून दिला आणि खाली बसले.

“तुमीच बोलवलात तिका,” ते म्हणाले. “पाणी असा बडवला काय तिका वाटता, जखमी मासो आसा. ती बघूक येता. हय गप रवाचा लागता, बाई.”

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे गप्प राहिलं तर माणूस मरतो. डब्याचं, हो हो करण्याचं, सगळं सांगितलं. वाघीण कुठे फिरते आणि कापूस कुठे आहे ते वाळूवर काढून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“आणि थय तुमी रोज जातास?”

“रोज.”

“माका तर नुसता ऐकानच ताप येतलो,” ते म्हणाले आणि उठून होड्या धुवायला गेले.

प्रज्ञा केस पुसत माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, “सामान भर. उद्या निघाचं.” गोडीगुलाबीचं सगळं विसरले होते. नियम मला ऐकू आले नव्हते ही माझी चूक होती, हे कळत होतं, आणि त्यामुळे राग जास्तच होता.

तिनं टॉवेल वाळूवर पसरला. मग म्हणाली, “बाबा कुठी असतीन आता?”

“वावरात. वेचनी सुरू आहे.”

“वाघीन गेली का?”

“कायची जाते. परवाच पंजा दिसला वावराच्या धुऱ्यावर.”

“मंग तू बाबाले कधी म्हनलं का, सामान भरा, वावरात जाचं नाई?”

“वावर आहे ते,” मी म्हटलं. “वावर सोडून मानूस कुठी जाईन?”

“हौ ना,” ती म्हणाली.

मी उठले आणि बाबलकाकांबरोबर होड्या धुवायला लागले. रात्री जेवणात पुन्हा मासे होते. कोणते ते आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इचलकरंजीहून आलेल्या आठ बायकांना घेऊन ती समुद्रात गेली. मी काठावर उभी राहिले. बाबलकाका पुढे, चार होड्या मध्ये, ती शेवटी. खडकाच्या टोकामागे ती दिसेनाशी झाली तेव्हापासून परत दिसेपर्यंत मी बसले नाही. पहिली होडी आली, दुसरी आली, तिसरी, चौथी. मग मध्ये बरंच रिकामं पाणी. मग ती. एका बाईची टोपी पडली होती, ती उचलायला थांबली होती. भीती कमी झाली, असं मी म्हणणार नाही. होती तेवढीच होती. पण त्या आठ बायका हसत उतरल्या, प्रत्येकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला दिसलं की ही पोरगी इथं उगाच आलेली नाही. मी चोवीस वर्षांच्या पोरीला शाळा चुकवणाऱ्या मुलासारखं उचलून न्यायला आले होते, याची मला लाज वाटली.

बी.एड.चे कागद मी पिशवीतून काढलेच नाहीत. निघताना तिला म्हटलं, “हो म्हनून टाक मालकाले.”

“आनि बाबा?”

“त्यायचं मी पाहतो.”

परत

गाडीत लीलानं मला पढवायला सुरुवात केली. “मुशीचं नाव नका काढू, वयनी. डॉल्फिन होता म्हना. दादाले डॉल्फिन चालते.” यवतमाळ येईपर्यंत मीही त्याच विचारात होते. खोटं सोपं होतं, आणि त्यानं सगळ्यांना झोप लागली असती.

प्रज्ञाचे बाबा पांढरकवड्याच्या स्टँडवर गाडी घेऊन उभे होते. लीला आर्णीला उतरली होती. मी उतरले तरी ते एसटीच्या दाराकडे बघत राहिले. शेवटचा माणूस उतरला, कंडक्टरनं दार ओढलं.

“एकटीच?”

“एकटीच,” मी म्हटलं. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मीही वेचायला गेले. दोन ओळींत आम्ही शेजारी शेजारी, बाकीच्या बाया जरा पुढे. मी त्यांना सगळं सांगितलं. मोरीचं सुकं, पाटल्या, वारा, पंख, पाणी बडवणं, होडी कलंडणं. मुशीला मी मुशीच म्हटलं, आणि लांबी कमी केली नाही. ते वेचत होते ते थांबले. कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस तसाच.

“सगळ्यायच्या मांगं कोन होतं?” त्यांनी विचारलं.

“प्रज्ञा. जातानी बी, येतानी बी. तिचं कामच आहे ते.”

हे त्यांनी का विचारलं, ते मला कळलं. वावरातून परतताना वाघ रांगेतल्या पुढच्याला नाही धरत, शेवटच्याला धरतो. गेली दोन वर्षं आमच्या शिवारातून घराकडे येणाऱ्या रांगेत शेवटी प्रज्ञाचे बाबा असतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. पहिल्या दिवशी बायांना पुढे घालून ते मागे राहिले, आणि तसंच चालू राहिलं. शाळेतून येऊन मी दारात उभी राहते, बाया येतात, मग मध्ये बरंच रिकामं, मग ते. यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नव्हतो.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन लावला. स्पीकर त्यांना बंद करता येत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. जय भीम झालं. जेवली का झालं. मग ते फोन घेऊन दारात जाऊन बसले.

“बाई,” ते म्हणाले, “मांगं राहाचं तं समोरच्यायकडं जास्त पाहाचं नाई. ते जातेतच. आपले कान मांगं ठेवाचे.”

“हौ बाबा.”

“आनि मानसं मोजत राहाचे. दर थोड्या वेळानं. मनातल्या मनात.”

“मोजतो बाबा. तुमी बी मोजता?”

“हौ.”

“बाबा, तुमच्या मांगं कोन राह्यते?”

ते अंगणाकडे बघत होते. “कोनी नाई,” ते म्हणाले.

“माह्याई मांगं कोनी नाई,” प्रज्ञा म्हणाली.

परत ये, असं त्यांनी म्हटलं नाही. हंगाम कधी संपतो ते विचारलं, आणि फोन माझ्याकडे दिला.

पोरीच्या मागे जाऊन राहणं मला जमण्यासारखं नाही. मला पोहता येत नाही, आणि समुद्र इथून तीन गाड्यांवर आहे. दुसऱ्या दिवशी वेचणी संपवून रांग निघाली तेव्हा मी बायांबरोबर पुढे गेले नाही. डबा वाजवत रांग नाल्याकडे वळली. ते मला दोनदा म्हणाले, “तुमी समोर व्हा, मास्तरीणबाई.” मी त्यांच्या शेजारून चालत राहिले. ते उजवीकडची पऱ्हाटी बघत होते, मी डावीकडची.